पहाटे तीनची वीज

विजेच्या बिलावर महिन्याचा एकच आकडा असतो, समजा 130 युनिट. त्यात गिझरचे किती आणि फ्रिजचे किती, हे ना आपल्याला कळतं ना वीज कंपनीला. स्मार्ट मीटर त्या आकड्याला वेळ जोडतो. दर पंधरा किंवा तीस मिनिटांत किती वीज वापरली गेली याची नोंद ठेवून तो ती कंपनीकडे पाठवतो, आणि ग्राहकाला ती मोबाइलवर आलेखाच्या रूपात पाहता येते.

या आलेखात आधी पहाटे तीनची वेळ बघावी. पंखे सोडले तर घर झोपलेलं असतं, पण रेष शून्यावर येत नाही. फ्रिज, राउटर, रिमोटने ‘बंद’ केलेला टीव्ही, सेट टॉप बॉक्स जागेच असतात. सतत जेमतेम 10 वॉट घेणारा बॉक्ससुद्धा महिन्याला 7 युनिट नेतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला 100 युनिटांनंतर चढा दर लागतो. त्यामुळे 130 युनिटांच्या घरात हे 7 युनिट वाचले, तर ते महागड्या टप्प्यातूनच वजा होतात.

गिझरचं तसं नाही. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. 2000 वॉटचा गिझर ते वीसेक मिनिटांत उरकतो, आणि आलेखात उभा सुळका उमटतो.

अशाच चढउतारांवरून कोणतं उपकरण कधी चालू झालं हे घरात न शिरता ओळखण्याची पद्धत अमेरिकेत जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात विकसित केली. यातून लोकांवर पाळत ठेवता येईल, हा इशाराही 1989मध्ये त्यांनीच दिला. अर्ध्या तासाच्या नोंदींतून एवढे बारकावे दिसत नाहीत, पण घराला कुलूप आहे का, हे सहज कळतं. नेदरलँड्सच्या सिनेटने 2009मध्ये मीटरची सक्ती रोखली, ती खासगीपणाच्या याच काळजीपोटी.

आता दराचं घड्याळही आलं आहे. केंद्राच्या 2023च्या नियमांनुसार सौर विजेच्या आठ तासांत दर किमान 20 टक्के कमी हवा. महाराष्ट्रात स्वस्त विजेची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. निवृत्त मंडळींना ती सोयीची आहे. नोकरदार जोडप्याला फार तर वॉशिंग मशीनचा टायमर दुपारचा लावता येईल. त्यांचा गिझर सहाला लागतो आणि नऊ वाजेपर्यंत ती दोघं लोकलमध्ये असतात.