जावा भाषेतील पॅकेज : नाव, स्थान आणि शोध

प्रोग्राम लहान असतो तोपर्यंत त्यातील नावांचा प्रश्न उद्भवत नाही. प्रोग्राम वाढला, अनेक हातांनी लिहिला जाऊ लागला, म्हणजे एकच नाव दोन भिन्न वस्तूंस दिले जाण्याचा संभव निर्माण होतो. जावा भाषेचा इतिहास याचे एक बोलके उदाहरण पुरवितो. या भाषेच्या पहिल्या आवृत्तीपासूनच, म्हणजे १९९६ पासून, पडद्यावर यादी दाखविणारा ‘लिस्ट’ नावाचा क्लास ‘जावा.एडब्ल्यूटी’ या पॅकेजमध्ये होता. १९९८ च्या अखेरीस आलेल्या १.२ आवृत्तीत ‘जावा.युटिल’ या पॅकेजमध्येही ‘लिस्ट’ हे नाव दाखल झाले. ज्या प्रोग्रामांनी दोन्ही पॅकेजे तारांकित आयातीने सरसकट घेतली होती आणि ‘लिस्ट’ एवढेच नाव वापरले होते, ते नव्या कंपायलरने संदिग्ध म्हणून नाकारले. परंतु जे आधीच कंपाइल झालेले होते, त्यांना या नामसाम्याची बाधा पोचली नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर हाती आले की पॅकेजविषयीच्या बहुतेक अडचणी उलगडतात. क्लासचे खरे नाव म्हणजे पॅकेजसह संपूर्ण नाव होय. आयातीचे विधान कोणताही क्लास आत आणीत नाही. ते केवळ लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी संक्षेपाची मुभा देते. कंपायलर तो संक्षेप सोडवून बाइटकोडमध्ये संपूर्ण नावच नोंदवितो. म्हणून १९९८ पूर्वीच्या बाइटकोडमध्ये संदिग्धतेस जागाच नव्हती.

आता या नावाचा फोल्डरांशी असलेला संबंध पाहू. जावा भाषेत नामांसाठी युनिकोडमधील अक्षरे चालतात. त्यामुळे देवनागरी नावे घेण्यास प्रत्यवाय नाही. ‘गणित.सांख्यिकी’ या पॅकेजमध्ये ‘मध्यक’ हा क्लास आहे आणि ‘गणित.प्रयोग’ या पॅकेजमधील ‘अहवाल’ हा क्लास त्याचा उपयोग करतो, असे समजा. दोन्ही फायली ‘स्रोत’ या फोल्डरखाली अनुक्रमे ‘गणित/सांख्यिकी’ आणि ‘गणित/प्रयोग’ येथे ठेवावयाच्या. नावातील प्रत्येक टिंबाच्या जागी फोल्डरची एक पायरी येते. ‘स्रोत’ हे मात्र नावाचा भाग नव्हे; ते शोधाचे मूळ आहे. मूळ आणि नाव यांतील हा भेद न ओळखणे हे बहुतेक चुकांचे कारण आहे.

‘स्रोत’च्या लगत वरच्या फोल्डरात उभे राहून कंपायलरला पुढील आज्ञा द्यावी :

जावासी -डी फल -सोर्सपाथ स्रोत स्रोत/गणित/प्रयोग/अहवाल.जावा

येथे ‘सोर्सपाथ’ हे शोधाचे मूळ सांगते. ‘अहवाल’ तपासताना ‘मध्यक’ची गरज पडली की कंपायलर त्याच मुळापासून ‘गणित/सांख्यिकी’ ही वाट चालतो आणि तोही कंपाइल करतो. ‘डी’ या पर्यायामुळे निष्पन्न फायली ‘फल’ या फोल्डरखाली पॅकेजनुरूप रचनेत पडतात; तो न दिल्यास त्या मूळ फायलीशेजारीच ठेवल्या जातात. नंतर प्रोग्राम चालविण्याची आज्ञा अशी :

जावा -सीपी फल गणित.प्रयोग.अहवाल

या दोन आज्ञांतील फरक लक्षणीय आहे. पहिलीत फायलीचा मार्ग दिला आहे, म्हणून तिरप्या रेघा. दुसरीत क्लासचे नाव दिले आहे, म्हणून टिंबे. कंपायलरला फाईल हवी असते, तर चालविणाऱ्या यंत्रणेस नाव हवे असते. फाईल कोठे आहे हे ती यंत्रणा क्लासपाथवरून स्वतः शोधते.

नवशिक्या विद्यार्थी पुष्कळदा निष्पन्न फायलीच्या फोल्डरात शिरून ‘जावा अहवाल’ अशी आज्ञा देतो. फाईल समोर दिसत असूनही यंत्रणा नकार देते आणि नाव चुकीचे असल्याचे कळविते. तिचे म्हणणे रास्तच असते. मागितला गेला ‘अहवाल’. सापडलेली फाईल मात्र आपले नाव ‘गणित/प्रयोग/अहवाल’ असे सांगते. नाव फायलीच्या आत कोरलेले असल्याने फोल्डर बदलून ते बदलत नाही. उपाय एकच : क्लासपाथमध्ये पॅकेजच्या मुळाचा निर्देश करावा आणि नाव पूर्ण द्यावे.

क्लासपाथसंबंधी आणखी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. तो मुळीच दिला नसेल तर चालू फोल्डर हेच मूळ धरले जाते. परंतु तो दिला की चालू फोल्डर आपोआप त्यात राहत नाही. ‘जार’ संचिका वापरावयाची असल्यास ती ज्यात आहे तो फोल्डर देऊन भागत नाही, खुद्द संचिकेचाच निर्देश लागतो. अनेक मुळे देताना लिनक्समध्ये अपूर्णविराम आणि विंडोजमध्ये अर्धविराम हा विभाजक असतो.

फोल्डर एकात एक असले तरी पॅकेजांत तसे नाते नसते, हेही स्पष्ट केले पाहिजे. ‘गणित’ आणि ‘गणित.सांख्यिकी’ ही भाषेच्या दृष्टीने दोन स्वतंत्र पॅकेजे होत. एकाच्या तारांकित आयातीत दुसरे येत नाही आणि एकातील पॅकेजपुरते मर्यादित घटक दुसऱ्यास दिसत नाहीत.

२०१७ मध्ये ९ व्या आवृत्तीने पॅकेजांवर मॉड्यूल हा आणखी एक स्तर चढविला. २०२४ मधील २२ व्या आवृत्तीपासून अनेक फायलींचा प्रोग्राम आधी कंपाइल न करता मूळ स्वरूपातूनच चालविता येतो. तथापि तेथेही फायलींची मांडणी पॅकेजच्या नावाशी जुळावी लागते.

कंपाइल करणे आणि चालविणे या दोन वेळी नावांचा शोध स्वतंत्रपणे घेतला जातो. म्हणून पहिली पायरी निर्विघ्न पार पडली एवढ्यावरून दुसरीची हमी मिळत नाही. संशोधनासाठी लिहिलेला प्रोग्राम ज्याने लिहिला त्याच्याच संगणकावर चालत असेल, तर त्यातून निघालेले निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येत नाहीत. पॅकेजचे मूळ कोणते आणि प्रोग्राम कोणत्या दोन आज्ञांनी उभा राहतो, एवढी नोंद प्रोग्रामासोबत ठेवली, तर ती पडताळणी शक्य होते.