वजनाची भरती-ओहोटी आणि पुरुषांची हाडे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जानेवारीच्या पहाटे चालणाऱ्यांची जी गर्दी दिसते, ती पावसाळ्यापर्यंत बरीच ओसरते. मग गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, आणि कष्टाने उतरवलेले सहा-आठ किलो पुन्हा कमरेवर येऊन बसतात. पुढच्या जानेवारीत नवा आहार, नवा संकल्प. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही सोसायटीत असे एखादे काका हमखास भेटतात. त्यांच्या पोटाची चर्चा घरात सर्वजण करतात. हाडांची कोणीच करत नाही.

हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यात जुने काढून नवे बांधण्याचे काम अखंड चालते आणि अंगावरचा भार हाच त्या बांधकामाला मिळणारा निरोप असतो. वजन झपाट्याने घटले की भार कमी होतो, स्नायूही झिजतात, आणि उपासमारीच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात. वजन परतते ते मुख्यतः चरबीच्या रूपाने. गेलेले हाड त्या प्रमाणात परत येतेच असे नाही. नॉर्वेतील सुमारे ३९ हजार मध्यमवयीन स्त्री-पुरुषांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांचे वजन सर्वाधिक हेलकावे खात होते त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग अधिक आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण अस्थिभंगुरता हा केवळ बायकांचा आजार, हा समज मात्र सोडायला हवा. खुब्याचे हाड मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक असते.

आपल्याकडे वजनकाटा फसवाही ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. आधीच स्नायू कमी असलेल्या देहाने दरवर्षी उपासाची शर्यत धावावी, हे परवडणारे नाही.

म्हणून वजन कमी करूच नये का? मधुमेह वा रक्तदाब असलेल्या स्थूल माणसाने जरूर करावे, पण सावकाश आणि व्यायामासह. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १०७ स्थूल ज्येष्ठांपैकी केवळ आहार घटवणाऱ्यांची खुब्याची अस्थिघनता वर्षभरात २.६ टक्के घटली. आहाराला व्यायामाची जोड देणाऱ्यांची १.१ टक्के. दीक्षित की दिवेकर, हा वाद घरोघरी रंगतो. त्यात वजने उचलण्याचा विषय क्वचितच निघतो.

प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दूध, दही, तीळ हेही हाताशी आहेत. पहाटेची फेरी हृदयाला उत्तम, परंतु कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. त्यासाठी दुपारच्या आसपासचे थोडे ऊन लागते, आणि त्या वेळी आपण कार्यालयात असतो. रक्ततपासणीत कमतरता दिसली तर पूरक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

पन्नाशी उलटली असेल, किरकोळ पडण्यानेही हाड मोडले असेल किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. त्यांना आजचे वजन सांगून थांबू नये. गेल्या दहा वर्षांत ते किती वेळा उतरले आणि चढले, तेही सांगावे. आठवत नसेल तर कपाटातल्या तीन मापांच्या पँटी पाहाव्यात.