खोक्याचं झाकण आणि बाबांची फियाट

मित्रांनो, घरात बुटांचं रिकामं खोकं आहे का? आणा बरं! झाकण बाजूला ठेवा. खोक्याची दोन टोकं दोन हातांत धरा आणि ओलं फडकं पिळतो तसं हलकेच पिळा. कसं वेडंवाकडं होतं, बघितलंत? आता झाकण घाला, चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. काय झालं? खोकं अडून बसलं! पुठ्ठा तोच, जाडीही तीच. मग ही ताकद आली कुठून? सहाही बाजूंनी एकमेकींना घट्ट धरलं, त्यातून आली.

मोटारीचंही असंच असतं. ट्रकच्या पोटाखाली दोन लांब, जाड तुळयांचा सांगाडा असतो. ती त्याची चासी. सगळा भार ती उचलते. पण बहुतेक मोटारींना आता अशी वेगळी चासी नसतेच! तळ, टप, बाजू आणि दाराखालचे पोकळ उंबरठे असे पत्रे वेल्डिंगने जोडून एकच खोकं तयार होतं. तेच अंग, तोच सांगाडा. याला 'युनिबॉडी' म्हणतात. इटलीच्या लान्चिया कंपनीने 1922 साली 'लॅम्डा' ही अशा एकसंध अंगाची गाडी लोकांपुढे आणली. मुंबईत 2023 पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी याच जातीची.

माझ्या बाबांची पद्मिनी आहे. मूळची फियाटची रचना, म्हणून घरात सगळे तिला 'फियाट'च म्हणतात. भावाच्या लग्नाची वरात तिच्यातूनच काढायची, असं आम्ही ठरवलं होतं. गॅरेजमध्ये काकांनी एका चाकाखाली जॅक लावून गाडी उचलली, तर मागचं दार लागेना! काकांनी उंबरठ्यावर स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तो सरळ आत गेला. आतून सगळा गंज.

मी म्हटलं, "काका, वरून पत्रा मारा, रंग द्या. लग्न झाल्यावर बघू."

काका म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत चुकलेल्या गणिताखाली बरोबरची खूण करता का?"

मी गप्पच बसले. कारण गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा जोडला, तर तो धरणार कशाला? वरून गाडी छान दिसेल आणि आत माणसं बसलेली असतील!

मग काकांनी काम सुरू केलं. आधी गाडी समतल टेकवली. दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी पाइप तात्पुरता जोडला. का? उंबरठा कापला की खोकं वाकणार, आणि वाकलेलं असताना वेल्डिंग केलं तर गाडी कायमची वाकडी! मग कुजलेला भाग कापून नवा बसवला. वेल्डिंगही एकदम लांबलचक नाही. थोडं इथे, थोडं तिथे. उष्णतेने पत्रा पीळ खातो ना! मधूनमधून ते दार लावून फटी सारख्या आहेत का, ते बघत होते.

गंज गेल्यावर जास्तीची मजबुतीही देता येते. अमेरिकेत 1964 साली आलेली फोर्ड मस्टँग घ्या. तिच्या पुढच्या पोकळ तुळया पुढच्या सीटखाली संपतात आणि मागच्या बऱ्याच मागे सुरू होतात. मध्ये आधार मुख्यतः तळाच्या पत्र्याचा आणि उंबरठ्यांचा. म्हणून जुन्या मस्टँगचे शौकीन पुढची आणि मागची तुळई जोडणारा लोखंडी दुवा खालून वेल्ड करतात. बॉनेटखाली डावी-उजवी बाजू सांधणारी दांडीही बसवतात. टप नसलेली मस्टँग म्हणजे तर बिनझाकणाचं खोकं! तिच्या तळाला आणि उंबरठ्यांना कंपनीनेच जादा पत्रे दिले होते.

मग सगळीकडेच जाड लोखंड ठोकलं तर? नाही हं! वजन वाढेल. शिवाय गाडीचं नाक फार ताठ असूनही चालत नाही. टक्कर झाली तर नाकाने चुरगळून धक्का सोसायचा आणि माणसं बसतात ती जागा शाबूत ठेवायची, ही कल्पना बेला बारेन्यी या इंजिनिअरची. 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. म्हणजे कुठे ताठ राहायचं आणि कुठे नमायचं, हे गाडीलाही ठाऊक असावं लागतं!

आमची फियाट लग्नाला आली नाही. वरात भाड्याच्या गाडीतून निघाली आणि बाबा थोडे हिरमुसले. पण पुढच्याच महिन्यात भाऊ आणि वहिनी तिच्यातून देवदर्शनाला गेले. आता जॅक लावला तरी दार टक्कन लागतं.

आता तुमचं काम. खोक्याच्या झाकणाला मोठी खिडकी कापा, झाकण चिकटवा आणि पिळून बघा. मग खिडकीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुठ्ठ्याची एक तिरपी पट्टी चिकटवा आणि पुन्हा पिळा. काय फरक पडला? वहीत लिहून ठेवा आणि आईबाबांनाही दाखवा!