विश्लेषण : प्रिंटर स्वस्त, शाई महाग! घरासाठी निवड करताना कोणते गणित मांडावे?

रात्री दहा वाजता परीक्षेचे प्रवेशपत्र संकेतस्थळावर येते, सकाळी सातला घर सोडायचे असते आणि झेरॉक्सचे दुकान बंद झालेले असते. शाळेचे प्रकल्प, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, डिजिटल सातबारा, रेल्वेचे तिकीट अशा कामांसाठी ‘घरात एक प्रिंटर असावा’ असे वाटू लागते. मग दुकानातला सर्वांत स्वस्त प्रिंटर घरी येतो. दोन-तीन महिन्यांत शाई संपते आणि नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकून तो कपाटावर जातो. हा खर्च कुठे वाढतो आणि तो कसा टाळता येईल?

स्वस्त प्रिंटर महाग का पडतो?

दाढीचे रेझर स्वस्तात विकायचे आणि नफा पात्यांवर मिळवायचा, हे व्यापाराचे जुने सूत्र आहे. कार्ट्रिजवर चालणाऱ्या इंकजेट प्रिंटरमध्ये तेच वापरले जाते. यंत्र कमी नफ्यावर विकले जाते आणि कमाई शाईतून होते. शिवाय नव्या प्रिंटरसोबत मिळणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा नेहमीपेक्षा कमी शाई असते. बऱ्याच कार्ट्रिजवर चिप असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची शाई काही प्रिंटर स्वीकारत नाहीत. म्हणून खोक्यावरच्या किमतीपेक्षा ‘एका पानाचा खर्च’ हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

घरासाठी पर्याय कोणते?

मुख्यतः तीन. पहिला कार्ट्रिजचा इंकजेट. यंत्र स्वस्त, शाई महाग. दुसरा इंक टँक. यात बाटलीतली शाई थेट टाकीत ओतली जाते. इंडोनेशियात ग्राहक आणि दुकानदार साध्या प्रिंटरला बाहेरून टाक्या जोडू लागले होते. ते पाहून एप्सनने २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. आज कॅनन, एचपी, ब्रदर यांचेही असे प्रिंटर मिळतात. यात यंत्र महाग, पण शाई अगदी स्वस्त पडते. तिसरा काळ्या रंगाचा लेझर प्रिंटर. यात शाई नसून टोनरची कोरडी भुकटी असते. उष्णतेने ती वितळून कागदावर चिकटते, त्यामुळे पावसात भिजले तरी अक्षर फुटत नाही. मात्र तापताना हा प्रिंटर बरीच वीज ओढतो. घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो चालवू नये.

आकड्यांत फरक किती?

प्रत्यक्ष किमती मॉडेलनुसार बदलतात. हिशेबाची पद्धत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आहे. त्याचे काळे कार्ट्रिज ९०० रुपयांचे असून ते २०० पाने छापते, म्हणजे पानाला साडेचार रुपये. टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांना, ५०० रुपयांच्या काळ्या शाईच्या बाटलीत ५,००० पाने, म्हणजे पानाला १० पैसे. लेझर प्रिंटर १३,००० रुपयांना, २,१०० रुपयांच्या टोनरमध्ये १,५०० पाने, म्हणजे पानाला १ रुपया ४० पैसे. घरी छापताना कागद आपलाच, त्याचे पानामागे ६० पैसे धरू. दुकानात एका प्रिंटआऊटचे कागदासह ५ रुपये पडतात असे मानू.

आता तीन वर्षांचा हिशेब. महिन्याला १० पाने छापणाऱ्या घरात तीन वर्षांत ३६० पाने होतात. दुकानात त्याचे १,८०० रुपये होतील. कार्ट्रिजच्या प्रिंटरवर ५,८३६, टाकीच्या प्रिंटरवर १२,२५२ आणि लेझरवर १३,७२० रुपये जातील. अशा घराने पैशांचा विचार करता प्रिंटर न घेणेच बरे.

महिन्याला १०० पाने, म्हणजे तीन वर्षांत ३,६०० पाने असतील तर चित्र बदलते. टाकीच्या प्रिंटरवर १४,५२० रुपये, दुकानात १८,०००, लेझरवर २०,२०० आणि कार्ट्रिजच्या प्रिंटरवर सर्वांत जास्त, २२,३६० रुपये. या आकड्यांनुसार टाकीचा प्रिंटर महिन्याला साधारण ८० पानांपासून परवडतो, तर लेझर १२० पानांच्या पुढे. कार्ट्रिजच्या प्रिंटरचे मात्र घरचे पानच कागदासह ५ रुपये १० पैशांना पडते. म्हणजे कितीही छापले तरी दुकानाच्या तुलनेत यंत्राची किंमत वसूलच होत नाही. मोठ्या क्षमतेचे कार्ट्रिज मिळत असेल तर हा खर्च उतरतो, म्हणून खरेदीपूर्वी त्याची चौकशी करावी.

खोक्यावरील पानांचा आकडा खरा असतो का?

तो खोटा नसतो, पण प्रयोगशाळेतला असतो. रंगीत इंकजेटसाठी ‘आयएसओ/आयईसी २४७११’ आणि काळ्या टोनरसाठी ‘आयएसओ/आयईसी १९७५२’ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. चाचणीत ठरावीक पाने सलग छापली जातात. घरी मात्र आज दोन पाने, पुढची दोन पंधरा दिवसांनी, असा प्रकार असतो. दरवेळी यंत्र सुरू होताना थोडी शाई नळ्या साफ करण्यात जाते. शाळेच्या प्रकल्पासाठी पानभर रंगीत चित्र छापले, तर साध्या पत्राच्या कितीतरी पट शाई लागते.

कमी वापर असेल तर काय बिघडते?

इंकजेटची शाई बहुधा पाण्यावर आधारित असते. प्रिंटर पडून राहिला की छपाईच्या हेडच्या सूक्ष्म छिद्रांत ती सुकते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा धोका वाढतो. मग पानावर पांढऱ्या रेघा येतात आणि हेड साफ करण्यात उरलेली शाई संपते. टाकीचा प्रिंटरही याला अपवाद नाही. टोनर मात्र कोरडाच असल्याने सुकण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून परीक्षेच्या काळात भरपूर छपाई आणि एरवी महिनोन्‌महिने शांतता, असे घर असेल तर हिशेबात थोडा महाग पडूनही लेझर सोयीचा ठरतो.

शाई वाचवण्याचे साधे उपाय कोणते?

घरच्या वाचनासाठीची पाने ‘ड्राफ्ट’ पर्यायात छापावीत. ‘ग्रेस्केल’ निवडले तरी काही प्रिंटर रंगीत शाई मिसळून काळा रंग तयार करतात. ‘फक्त काळी शाई’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. एका कागदावर दोन पाने आणि दोन्ही बाजूंनी छपाई केली की कागदही वाचतो. संकेतस्थळावरचे पान छापण्याआधी ‘प्रिव्ह्यू’ पाहून जाहिराती व कोरी पाने वगळावीत.

इंकजेट प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. तेव्हा हेड झाकणाखाली जाऊन बसते. भिंतीवरचा स्विच थेट बंद केल्यास ते उघडे राहून सुकू शकते. आठवड्यातून एक रंगीत पान छापावे. हेडची सफाई रेघा दिसल्या तरच करावी. एक-दोनदा करूनही फरक पडला नाही, तर वारंवार करू नये. सफाईची शाई यंत्रातल्या शोषक पॅडमध्ये जमते. ते भरले की प्रिंटर थांबतो, म्हणून पॅड किंवा त्याचा डबा घरी बदलता येतो का, हेही आधीच विचारावे.

रिफिल करावे का?

रिफिलने खर्च घटतो, पण दर्जा सारखा नसतो. चुकीच्या प्रकारची शाई भरल्यास हेड तुंबू शकते. त्यामुळे बिघाड झाल्यास वॉरंटीचा दावा अडू शकतो. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात मे २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, कार्ट्रिज एकदा विकल्यावर त्यावरील कंपनीचा पेटंट हक्क संपतो. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते. रिकामी कार्ट्रिज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. प्रिंटरप्रमाणे तीही ई-कचऱ्याच्या नियमांत येतात.

खरेदीपूर्वी काय करावे?

महिनाभर वही घेऊन घरातून दुकानात जाऊन छापलेली पाने मोजावीत. त्यात काळी किती, रंगीत किती, याची वेगळी नोंद ठेवावी. मग पसंतीच्या मॉडेलच्या शाईची किंमत आणि तिची पाने विचारून वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडावा. ती शाई आपल्या गावात मिळते का, हेही पाहावे. पाने कमीच निघाली, तर प्रवेशपत्र फोनवर जपून ठेवावे आणि सकाळी लवकर उघडणारे झेरॉक्सचे दुकान शोधून ठेवावे. प्रिंटरपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.