तार रेल्वेची नव्हे, गाडीतलीच

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातून. साहजिकच शिरूर-दौंड पट्ट्यात विजेच्या गाड्यांवर छातीठोकपणे बोलणारे पुष्कळ. त्यांची एक आवडती शंका अशी: या गाडीचं स्टिअरिंग चुंबकाच्या सेन्सरवर चालतं, मग दौंडच्या रेल्वे तारांखालून गाडी नेली तर चाकं भलतीकडेच वळायची नाहीत का?

शंका वेडगळ नाही, फक्त बोट चुकीच्या तारेकडे आहे. मुळात चुंबक चाकं वळवत नाही. वळवतो तो माणूस आणि त्याच्या मदतीला असलेली मोटर. सेन्सरचं काम मोजण्यापुरतं: चालक किती जोर लावतोय, चाक किती अंशांत फिरलंय, मोटरचा फिरता भाग कुठे आहे. फिरणाऱ्या भागावर चिमुकला चुंबक, समोर चिप. दोघांचा स्पर्श होत नाही, म्हणून झीजही नाही. या चिपमागचा हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्राने वाहकात आडवा व्होल्टेज निर्माण होणं) १८७९ सालचा. आणि हे सगळं विजेच्या गाडीपुरतंच आहे असंही नाही. मोटरची मदत असलेलं स्टिअरिंग सुझुकीने १९८८ मध्येच पेट्रोलच्या गाडीत आणलं होतं.

आता तारेकडे वळू. रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, हा आकडा ऐकूनच माणूस दचकतो. पण चुंबकीय क्षेत्र व्होल्टवर नव्हे, अँपिअरवर आणि अंतरावर ठरतं. तारेतून ५०० अँपिअर वाहत असले, तरी पाच मीटर खाली क्षेत्र भरतं सुमारे २० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे याच्या दुप्पट आहे. उलट गाडीतल्याच बॅटरीच्या केबलमधून ३०० अँपिअर जात असतील आणि सेन्सर तिच्यापासून तीन सेंटिमीटरवर असेल, तर २,००० मायक्रोटेस्ला. शंभरपट! सेन्सर बनवणाऱ्याची झोप उडते ती या घरच्या शत्रूमुळे. म्हणून धन आणि ऋण केबल शेजारी-शेजारी नेतात, म्हणजे त्यांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडतात. चिपमध्येही हॉलचे घटक जरा अंतराने बसवून त्यांच्यातला फरकच मोजतात. बाहेरून आलेलं क्षेत्र सगळ्या घटकांना जवळजवळ सारखं लागतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं तर काटा हलत नाही, तसंच.

मग जोरदार चुंबकच का बसवत नाहीत? हा उपाय अर्धाच कामाचा आहे. चुंबकीय क्षेत्राने रोध बदलण्यावर चालणाऱ्या काही चिपना क्षेत्र ठरावीक पट्ट्यातच लागतं; त्याहून जास्त झालं की कोनच चुकतो. उन्हाने चुंबक क्षीण होतो, हेही खरं. निओडिमियमचा चुंबक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का ताकद गमावतो. पण कोन काढतात तो चिपच्या दोन संकेतांच्या गुणोत्तरावरून. दोन्ही सारखेच घटले तर गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे दौंडच्या मे महिन्याची त्याला फारशी भीती नाही. भीती आहे ती चुंबक मध्यबिंदूपासून मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकण्याची.

कागदावरच्या आकड्यांनीही फसायला होतं. १४ बिटांची चिप वर्तुळाचे १६,३८४ भाग करते, म्हणजे एक भाग ०.०२२ अंशाचा. ही झाली बारकाई, अचूकता वेगळी. चुंबक तिरका बसला तर तीच चिप अंशभर चुकीचं उत्तर मोठ्या बारकाईने देईल.

“दोन सेन्सर असतात, एक गेला तर दुसरा आहेच,” असंही सर्रास ऐकू येतं. पण दोघांची उत्तरं जुळेनाशी झाली तर खोटं कोण बोलतोय, हे कसं ओळखणार? त्यासाठी प्रत्येक चिपने स्वतःची तपासणी करत राहावं लागतं, किंवा तिसरा साक्षीदार लागतो. गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेचं मानक असलेल्या आयएसओ २६२६२ नुसार स्टिअरिंगला बहुधा सर्वांत कडक श्रेणीची सुरक्षा लागते. संशय आला की यंत्रणा मदत कमी करते किंवा थांबवते. स्टिअरिंग जड होतं, पण ‘लॉक’ होत नाही; रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा अजून चाकांना जोडलेलाच आहे. तो नसलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा, आणि त्यांच्यासाठी मी एवढ्या निश्चिंतपणे लिहिणार नाही.

आपल्याकडे प्रत्यक्षात जास्त घोळ होतो तो अलाइनमेंटच्या दुकानात. उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेल्या रस्त्यांवरून गाडी फिरली की अलाइनमेंट बिघडते. कारागीर चाकं सरळ करून देतो. पण चाकं सरळ झाली तरी ‘सरळ’ म्हणजे किती अंश, ही सेन्सरची नोंद जुनीच राहिलेली असू शकते. मग गाडी घसरू नये म्हणून ब्रेक सावरणारी यंत्रणा सरळ रस्त्यालाही वळण समजते आणि दिवा लागतो. लोक सेन्सर बदलून टाकतात. सेन्सर बहुधा धडधाकट असतो. स्कॅनर जोडून शून्य नव्याने बसवलं की काम होतं. बिल देण्याआधी तेवढं विचारून घ्या.