तिरुवक्करैचे पाषाणवृक्ष

जिंजीच्या किल्ल्याचे नाव मराठी श्रोत्यांना परके नाही. शिवाजी महाराजांनी तो १६७७ साली जिंकला आणि पुढे राजाराम महाराजांना त्याचाच आश्रय लाभला. त्या परिसरातील डोंगरांत उगम पावून एक नदी पुदुच्चेरीकडे वाहत जाते. तिच्या वाटेवर, चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, तिरुवक्करै नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावात चंद्रमौलीश्वराचे पुरातन मंदिर आहे. पण भूशास्त्रज्ञांना तेथे ओढून नेतात ते शिवारात आडवे पडलेले दगडी ओंडके. देवाने मारलेल्या राक्षसांची ही हाडे, असे गावकरी पूर्वापार सांगत आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने त्यांची नोंद केली.

ही हाडे नव्हेत. हे वृक्ष आहेत, आणि त्यांचे वय सुमारे दोन कोटी वर्षे आहे. लाकूड उघड्यावर पडले तर कुजते. मात्र ते वाळूगाळात लवकर पुरले गेले आणि त्याला हवा मिळाली नाही, तर कुजणे मंदावते. मग जमिनीतील पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशीपेशींत उतरते व तेथेच घट्ट होते. लाकूड जाते, त्याचा आकार मात्र दगडात उरतो. पेशींची रचनाही सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते.

या ओंडक्यांना फांद्या नाहीत, पाने नाहीत, मुळेही नाहीत. त्यावरून शास्त्रज्ञ असे अनुमान काढतात की, हे वृक्ष येथे वाढलेले नसून पुराच्या लोंढ्याने दुरून वाहत आले. म्हणजे ओंडका जसा पडला आहे ते पडणे हाही एक पुरावाच होय. शोभेसाठी त्याचा तुकडा कोणी घरी नेला, तर हाती केवळ एक सुंदर दगड उरतो. त्याची हकीकत मागेच राहते. दोन कोटी वर्षांत जे टिकले, ते एका हातोडीने नष्ट होऊ शकते.

म्हणूनच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने तेथे राष्ट्रीय अश्मीभूत काष्ठ उद्यान करून ही भूमी राखली आहे. महाराष्ट्रातही गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ वडधम येथे, असे अश्मीभूत वृक्ष आहेत. ते पाहावेत, त्यांना हात लावून पाहण्याचा मोहही समजण्यासारखा आहे. पण उचलू मात्र नयेत.