नक्कल उतरविणारे हात

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दर रविवारी एक विलक्षण वर्ग भरत असे. विनोबा भावे आपल्या सहबंद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत आणि साने गुरुजी त्यांचे शब्द झरझर लिहून घेत. २१ फेब्रुवारीस आरंभ झालेली ही अठरा प्रवचने १९ जूनला पूर्ण झाली. बोललेला शब्द हवेत विरून जातो. हा मात्र 'गीता प्रवचने' या ग्रंथाच्या रूपाने उरला.

मुलांनो, ग्रंथ टिकतो तो कोणीतरी त्याची नक्कल उतरविल्यामुळे. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना ओव्या सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी त्या कागदावर उतरविल्या. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे कष्ट तर याहूनही मोठे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, फडताळांत मोडी लिपीतील कागदांची दप्तरे पडून असत. वाळवी व ओल त्यांचा फडशा पाडीत. राजवाडे गावोगाव हिंडले, कागद मिळविले, वाचले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. पहिला खंड १८९८ सालचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा देह पडला आणि लगोलग १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले.

पण छापील पुस्तकही अमर नसते. जुना कागद पिवळा पडतो आणि घडी केली की तुटतो. म्हणून आता नक्कल उतरविण्याचे काम संगणकाकडे आले आहे. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ साली पहिला मजकूर संगणकात उतरविला व त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हा मुक्त ग्रंथसंग्रह वाढला. मराठीत 'विकिस्रोत' येथे असेच कार्य चालते.

हे काम दोन टप्प्यांनी होते. प्रथम प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतात. डोळ्यांना ते पुरते. यंत्राला मात्र ते केवळ चित्रच. त्यात 'पानिपत' हा शब्द कोठे आहे, असे विचारले तर ते सांगू शकत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात यंत्र चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करते. संगणकाच्या जगात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. 'क'चा क्रमांक २३२५, 'ख'चा २३२६. या क्रमांकांमुळेच धुळ्यात लिहिलेले अक्षर दूर देशीच्या पडद्यावरही तेच उमटते.

यंत्र चुकते, हेही सांगितले पाहिजे. शाई पुसट असली की 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो. तेव्हा एका बाजूस पानाचे चित्र व दुसऱ्या बाजूस मजकूर ठेवून माणसेच अक्षरन् अक्षर ताडून पाहतात.

वाटेल ते पुस्तक मात्र असे खुले करता येत नाही. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांना मुक्त झाली. विनोबा १९८२ मध्ये गेले. त्यांच्या ग्रंथांची मुदत २०४२ अखेर सरेल. तोवर हक्कदारांची अनुमती हवी. हा नियम काहींना जाचक वाटतो. पण लेखकाच्या घरी चूल पेटते ती याच हक्कावर, असे माझे मत आहे. मुदत सरलेल्या ग्रंथांतही तुम्हांला पुष्कळ मिळेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हसता हसता डोळे भरून येतील आणि गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात १८५७ ची धामधूम प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकू येईल.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. खानदेशच्या बोलीत 'पाणी' हे 'पानी' असते. यंत्राच्या लेखी हा भेद एका क्रमांकाचा: 'न' २३४४, 'ण' २३३९. तपासणाऱ्याला बोली ठाऊक नसेल, तर तो 'पानी' ही चूक समजून सुधारून टाकतो आणि मूळ शब्द कायमचा हरवतो.

हा अपराध माझ्या हातूनही एकदा घडला आहे. आमच्या शाळेच्या हस्तलिखित मासिकासाठी एका मुलाने आपल्या आजीच्या ओव्या लिहून आणल्या. मी लाल शाईने प्रत्येक 'पानी'चे 'पाणी' केले. मुलाने त्या घरी वाचून दाखविल्या, तेव्हा आजी म्हणाली, "हे तं मास्तराचं गानं, माह्यं नाही." दुसऱ्या दिवशी त्याने खाली मान घालून हे मला सांगितले. मी ती पाने काढून टाकली आणि त्याला शेजारी बसवून, तो म्हणेल तसतशी, माझ्या हाताने पुन्हा लिहिली.